संशोधिकेच्या पगाराची सोय: बडोद्यात स्त्री-आरोग्यावरचं पद कसं उभं करावं

यंत्राला पैसे मिळतात, कारण यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पट्टी लावता येते. पण जी मुलगी ते यंत्र तीन वर्षं चालवणार, चारशे बायकांचं रक्त घेणार आणि रात्री बसून आकडे तपासणार, तिच्या पगाराचा विषय निघाला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. पहिल्यांदाच संशोधन-पद उभं करू पाहणारे अध्यापक, आणि दांडिया बाजार, रावपुरा भागातली ती कुटुंबं, मंडळं किंवा माजी विद्यार्थी, ज्यांना आईच्या किंवा आजीच्या नावाने काही ठोस करायचं आहे. केंद्र सरकारचे नियम इंदूर-ग्वाल्हेरलाही हेच लागू होतात. राज्याचा भाग तेवढा गुजरातचा.

१. आधी प्रश्न, मग पद

‘महिलांच्या आरोग्यावर संशोधन’ असा प्रस्ताव घेऊन कुठेही गेलात तरी चहा मिळेल, पैसे मिळणार नाहीत. पद कोणत्या प्रकारचं हवं हे प्रश्नावरून ठरतं. म्हणून प्रश्न एका वाक्यात बसला पाहिजे: कोणत्या बायका, किती, काय मोजणार, किती महिन्यांत.

रक्तक्षयाचंच घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण देशात ५७ टक्के आणि गुजरातमध्ये ६५ टक्के निघालं. पण हा आकडा कारण सांगत नाही. बडोद्याच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर छोटा उदेपूरचा आदिवासी पट्टा आहे, आणि तिथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तिथल्या बाईचं हिमोग्लोबिन ९ आलं तर ते लोह कमी म्हणून की सिकलसेलमुळे, की दोन्हींमुळे? ‘गरोदर नसलेल्या, हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेल्या ४०० बायकांमध्ये लोहाची कमतरता किती जणींना आणि सिकलसेल किती जणींना, हे १८ महिन्यांत तपासणे’ हा पैसे मागता येईल असा प्रश्न झाला.

आता पदाचं चित्र आपोआप उभं राहतं. शिरेतून रक्त घेणारी प्रशिक्षित तंत्रज्ञ हवी. बोटाच्या थेंबावर हिमोग्लोबिन चटकन कळतं, पण रक्त यावं म्हणून बोट दाबलं की पेशींमधला द्रव त्यात मिसळतो आणि आकडा हलतो. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासायला एलायझा (रक्तातला घटक प्लेटवर मोजायची पद्धत) येणारी मुलगी हवी. फेरिटिन शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असला की खोटं वाढतं, म्हणून सोबत सूज दाखवणारं सीआरपीही तपासावं लागतं. सिकलसेलच्या पक्क्या निदानाला एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, लागते. आणि घराघरात जायला राठवी ही तिथली आदिवासी बोली बोलणारं कोणीतरी लागतं. म्हणजे या कामाला प्राध्यापकपद नको आहे. एक जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो, म्हणजे पीएचडी करणारी संशोधिका), एक तंत्रज्ञ आणि एक गावातली सहायक, एवढीच तुकडी हवी.

प्रश्न बदलला की तुकडी बदलते. रजोनिवृत्तीनंतरची झोप आणि घरकामाचा भार असा विषय असेल तर प्रयोगशाळा नको, चांगली मुलाखतकार हवी. पीसीओएस (बीजांडकोशाचा, पाळी बिघडवणारा विकार) असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाचा आठवड्याचा ठरलेला वेळ हवा, आणि तो वेळ फुकट मिळेल असं धरून चालू नये.

जागा कोणती? सयाजीराव विद्यापीठात फूड्स अँड न्यूट्रिशन विभाग आहे. त्याच्या फॅकल्टीचं नाव आता फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस, पण गावात अजून सगळे होम सायन्सच म्हणतात. सायन्स फॅकल्टीत बायोकेमिस्ट्री आहे. रुग्ण हवे असतील तर मेडिकल कॉलेज आणि सयाजी रुग्णालय. इथे एक व्यावहारिक खोच आहे. रुग्णालय आणि तिथले अध्यापक राज्य सरकारच्या आरोग्य खात्याखाली येतात आणि सरकारी अध्यापकांची बदली होते. मुख्य संशोधकाची बदली झाली की प्रकल्पाची सही अडते, सही अडली की फेलोशिप अडते. म्हणून पहिल्या दिवसापासून विद्यापीठातला एक सहसंशोधक असू द्या, आणि मुख्य संशोधक बदलला तर सही कोणाची, हे मंजुरीपत्रातच लिहून घ्या.

२. हिशेब, कागद-पेन्सिल घेऊन

केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेले दर असे: जेआरएफ महिना ३७,००० रुपये, एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलो) ४२,०००, पीएचडीनंतरचं रिसर्च असोसिएट तीन पायऱ्यांवर ५८,०००, ६१,००० आणि ६७,०००. याशिवाय घरभाडे. केंद्राच्या घरभाड्याच्या वर्गवारीत बडोदा वाय वर्गाचं शहर आहे (इंदूर, ग्वाल्हेरही त्याच वर्गात), तिथे घरभाड्याचा सध्याचा दर २० टक्के. हॉस्टेलची खोली दिली तर घरभाडे नाही.

म्हणजे जेआरएफला महिना ४४,४००, वर्षाला ५,३२,८००. दोन वर्षांनी ती एसआरएफ होते, मग महिना ५०,४००, वर्षाला ६,०४,८००. दोन वर्षं जेआरएफ आणि तीन वर्षं एसआरएफ धरली की पाच वर्षांचे बरोबर २८,८०,००० रुपये होतात.

बरेच देणगीदार इथेच थांबतात आणि घोडं अडतं. मुलगी रुजू होते, पण तिच्या हातात किट नसतं, गाडी नसते, फ्रीझरमध्ये जागा नसते. आठ महिने ती ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ करत बसते. तेव्हा बाकीचा खर्चही मांडा.

एलायझाची एक प्लेट ९६ खळग्यांची. आठ स्टँडर्ड (प्रमाण आधीच ठाऊक असलेले नमुने) दोनदा लावले की १६ खळगे गेले. उरलेल्या ८० खळग्यांमध्ये प्रत्येक नमुना दोनदा, म्हणजे एका प्लेटवर ४० बायकाच बसतात. ४०० बायकांना दहा प्लेटी फेरिटिनच्या आणि दहाच सीआरपीच्या. एखादी प्लेट फुकट जातेच, दोन नमुन्यांतला फरक जास्त आला तर तो नमुना परत लावावा लागतो, म्हणून प्रत्येकी बारा मागवा. कोटेशन घेताना एकाच लॉटच्या प्लेटी मागा आणि शेवटची तारीख विचारा. सगळ्या प्लेटी पहिल्या महिन्यात आणून ठेवल्या आणि एथिक्स कमिटीची (माणसांवरचं संशोधन नीतीला धरून आहे का ते बघणाऱ्या समितीची) मंजुरी लांबली, तर त्या कपाटातच मुदत संपवतात.

गाडीचा खर्च लिहिताना पेट्रोलवर थांबू नका. उपाशीपोटी रक्त घ्यायचं तर सकाळी आठच्या आत गावात पोचावं लागतं, म्हणजे बडोद्याहून साडेपाचला निघणं. बायका शेतावर जातात त्याच्या आधीची ती वेळ आहे. संशोधिकेला एकटीला पाठवू नये, सोबत दुसरी बाई हवी, तिचा रोज आणि जेवण लिहा. बायकांना रक्त दिल्यावर काहीतरी खायला द्यायचं, तेही लिहा. ज्यांचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली निघेल त्यांना दवाखान्यापर्यंत नेण्याचा खर्च लिहा. एथिक्स कमिटी हे विचारतेच, आणि नाही विचारलं तरी ते तुमचं काम आहे.

आमचा अंदाज असा: लॅब आणि गाव दोन्ही असलेल्या कामात फेलोशिपच्या प्रत्येक रुपयामागे आणखी साठ-सत्तर पैसे लागतात. म्हणजे पाच वर्षांचं एक पद पन्नास लाखांच्या आतबाहेर जातं.

३. पैसे कुठून

सरकारी वाटा आधी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) छोट्या बाह्य अनुदानात, म्हणजे बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांना मिळणाऱ्या अनुदानात, दोन कोटींपर्यंतचा प्रस्ताव देता येतो. अर्ज ऑनलाइन, मागणी निघाली की ठरावीक दिवसांतच. मातृ-बाल आरोग्य आणि पोषण हा त्यांचा नेहमीचा विषय, पण रजोनिवृत्ती, वेदना, मानसिक आरोग्य यांना ‘हे कशात बसवायचं’ असा त्रास होतो. मागणीपत्रातले शब्द वाचा आणि आपला प्रश्न प्रामाणिकपणे त्यात बसत असेल तरच टाका. ओढूनताणून बसवलेला प्रस्ताव तज्ज्ञांच्या पहिल्याच चाळणीत पडतो.

शिक्षणात किंवा नोकरीत खंड पडलेल्या बायकांसाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे. त्यात वाइज-पीएचडी २७ ते ४५ वयाच्या स्त्रियांना, आणि वाइज-स्कोप समाजोपयोगी विषयांना, ज्यात आरोग्य-पोषण येतं. इथे फेलोशिप थेट त्या बाईच्या नावाने मंजूर होते, विभागाला पद निर्माण करावं लागत नाही. नवख्या गाईडला सुरुवात करायला हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, आणि का कोण जाणे, सर्वांत कमी लोक तो वापरतात.

गुजरात सरकारच्या शोध योजनेत पीएचडीच्या विद्यार्थ्याला महिना १५,००० आणि वर्षाला २०,००० किरकोळ खर्चाला मिळतात. त्यात घर चालत नाही, पण थोडा आधार आहे. दुसरी फेलोशिप चालू असताना ही घेता येत नाही. दोन्ही घेतल्या आणि नंतर कळलं तर एक परत करायची वेळ येते.

कंपन्या. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावे लागतात. कोयलीची रिफायनरी, खत आणि रसायनांचे कारखाने, औषध कंपन्या, बडोद्याच्या भोवती काही कमी नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सरकारी पैशाने चालणाऱ्या विद्यापीठांना दिलेली रक्कम बसते, त्यामुळे सयाजीराव विद्यापीठातल्या पदाला कायद्याची अडचण नाही. अडचण तीन ठिकाणी येते.

पहिली, वेळेची. कंपनीचा सीएसआरचा वार्षिक आराखडा आर्थिक वर्षाच्या तोंडावर ठरतो. जुलैत गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’. डिसेंबर-जानेवारीत दोन पानांचं टिपण घेऊन जा. दुसरी, मुदतीची. सीएसआरमधला ‘चालू प्रकल्प’ सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो. पीएचडी त्यात पुरी होईलच असं नाही, म्हणून शेवटच्या वर्षाचा पैसा दुसरीकडून ठेवा. तिसरी, आणि हिच्यावर लोक हमखास आपटतात: जानेवारी २०२१ पासून सीएसआरचा पैसा कायम निधीत, म्हणजे कॉर्पसमध्ये, टाकता येत नाही. ‘आमच्या कंपनीच्या नावाचं अध्यासन, मुद्दल बँकेत, व्याजावर प्राध्यापक’ ही कल्पना सीएसआरमधून होत नाही. आणखी एक: कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातलं काम सीएसआर धरलं जात नाही. औषध कंपनी स्वतःच्या लोहाच्या गोळीची चाचणी या पैशातून करून घेऊ पाहत असेल तर तिथेच नमस्कार करून उठा.

ट्रस्टमार्फत पैसे घेणार असाल तर ट्रस्टची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. १ एप्रिल २०२१ पासून तिच्याशिवाय कंपनी चेक लिहीत नाही.

आता घरातले पैसे, आणि अमेरिकेतले. बडोद्यातल्या मराठी घरात न्यू जर्सीला कोणी नाही असं क्वचितच. काका भारतीय पासपोर्टवर असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असतील तर ती देशी देणगी. मावसबहिणीने अमेरिकेचा पासपोर्ट घेतला असेल तर ती कायद्याने ‘परदेशी स्रोत’, तिने इथल्या खात्यातून रुपयांत दिले तरीही. त्यासाठी घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. एका संस्थेने घेऊन दुसऱ्या संस्थेला द्यायचं, हे २०२० पासून बंद आहे. म्हणून ‘आधी मंडळाच्या खात्यात घेऊ, मग विद्यापीठाला देऊ’ हा घरगुती तोडगा डोक्यातून काढा. परदेशी संस्था संशोधनातच भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी आयसीएमआरमार्फत वेगळी घ्यावी लागते.

करसवलतीसाठी घेणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र चालू आहे का ते आधी बघा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, जुन्या पावत्यांवरचे कलमांचे क्रमांक तसेच छापू नका, सीएकडून नवी ओळ लिहून घ्या.

४. अध्यासन की फेलोशिप

आईच्या नावाचं ‘चेअर’, म्हणजे अध्यासन, असावं असं प्रत्येकाला वाटतं. थोडं गणित करून बघा. एसआरएफच्या एका पदाला वर्षाला सहा लाख लागतात. सात टक्के व्याज धरलं तर मुद्दल ८६ लाख. पण जेआरएफचा दर २०१४ मध्ये २५,००० होता, २०१९ मध्ये ३१,००० झाला आणि २०२३ मध्ये ३७,०००. नऊ वर्षांच्या आत जवळजवळ दीडपट. सगळं व्याज खर्च केलं तर दहाव्या वर्षी तुमच्या निधीत पूर्ण पद बसत नाही, मग त्याचं पारितोषिक होतं, आणि मग वर्षातून एकदा पेढे वाटण्यापुरतं उरतं. निधी टिकवायचा तर चार टक्केच खर्च करून बाकीचं मुद्दलात घालावं लागतं. म्हणजे एका एसआरएफला दीड कोटी. प्राध्यापकपदाचा आकडा यावरून करता येईल.

दीड कोटी नसतील तर निधी करू नका. पाच वर्षांत संपणारी एक पूर्ण फेलोशिप द्या. तिचं काम छापून येतं, ती पीएचडी होते, आणि आईचं नाव प्रत्येक पेपरच्या आभारात छापलं जातं.

५. देणगीचा करार

याबाबतीत बडोद्याला जुना धडा आहे. १९१३ मध्ये संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा ठरलं होतं: महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. रक्कम, मुदत, बदल्यात काय, तिन्ही स्पष्ट. पण १९१७ मध्ये ते करार पाळायला आले तेव्हा जातीपायी या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कागद चोख असून भागत नाही, आलेल्या माणसाला संस्थेत बसायला जागा आणि वागायला माणसं लागतात. म्हणून टेबल, कुलुपाचं कपाट, लॅबची चावी आणि तक्रार कोणाकडे न्यायची त्या व्यक्तीचं पद, हेही करारात लिहा. हसू येईल, पण लिहा.

बाकीची कलमं:

- रक्कम कोणत्या तारखेला, किती हप्त्यांत. पहिला हप्ता अठरा महिन्यांचा असावा, म्हणजे दुसरा उशिरा आला तरी पगार थांबत नाही.
- केंद्राने दर वाढवले तर वाढीव रक्कम कोण देणार. हे कलम जवळजवळ प्रत्येक जुन्या करारात नाही.
- पैसे वेगळ्या लेखाशीर्षात राहतील आणि त्याचं व्याज त्याच कामाला.
- निवड समितीत देणगीदाराला मत नाही. भाचीला घ्या, सुनेला घ्या, हे दार पहिल्याच दिवशी बंद.
- निष्कर्ष छापण्यावर देणगीदाराचा नकाराधिकार नाही. फार तर ३० दिवस आधी वाचायला द्या.
- पद रिकामं पडलं तर किती महिन्यांत भरायचं आणि नाही भरलं तर पैशाचं काय.

विद्यापीठात २०२३ च्या गुजरात पब्लिक युनिव्हर्सिटीज अ‍ॅक्टनंतर सेनेट-सिंडिकेट ही जुनी कारभारी मंडळं गेली, निर्णय बोर्ड ऑफ मॅनेजमेंटपुढे जातात. विभागप्रमुखांच्या ‘हो’ला कायदेशीर वजन नाही. फाइल विभागप्रमुख, डीन, अकाउंट्स, रजिस्ट्रार अशी फिरते. प्रत्येक टेबलावर नोटची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि आवक क्रमांक लिहून घ्या. ‘फाइल वर गेलीय’ या उत्तरावर आवक क्रमांक हा एकच उतारा.

६. एथिक्स कमिटी

स्त्री-आरोग्याच्या कामात हे प्रकरण इतर विषयांहून जड असतं. गर्भपात, लैंगिक आजार, घरातली मारहाण असे प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत असतील तर मुलाखत घरच्या ओट्यावर, सासूसमोर घेता येत नाही. कुठे घेणार ते लिहा. गुजराती संमतीपत्र राठवी बोलणाऱ्या बाईला वाचून दाखवलं म्हणजे संमती झाली असं नाही. तिच्या बोलीत सांगायचा मजकूर वेगळा लिहा आणि साक्षीदाराची सही घ्या, साक्षीदार नवरा नको.

अभ्यासात गरोदर बाईची सोनोग्राफी असेल तर १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा लागतो. मशीन नोंदलेलंच हवं, तपासणारा पात्र डॉक्टर हवा आणि प्रत्येक बाईचा फॉर्म एफ (तपासणीच्या नोंदीचा) भरलेला हवा. ‘हे तर संशोधन आहे’ ही सबब चालत नाही. मशीन गाडीत घालून गावात नेण्याचा विचार करण्याआधी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात जाऊन या.

औषध किंवा आहार देऊन तुलना करणार असाल तर पहिली बाई घेण्याच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी. फुकट आहे, पण नंतर करता येत नाही, आणि चांगली नियतकालिकं त्याशिवाय पेपर घेत नाहीत.

वेळापत्रक उलटं लावा. कमिटीची बैठक रोज होत नाही, बहुतेक वेळा पहिल्या फेरीत दुरुस्त्या येतात, म्हणून अर्ज ते मंजुरी चार महिने धरा. मुलगी रुजू होण्याच्या आधी ही मंजुरी हातात हवी. आधी नेमणूक आणि मग एथिक्स असं केलं की पदाचे चार महिने वाया, म्हणजे १,७७,६०० रुपये काहीही न मोजता गेले.

७. नेमणूक, आणि बाळंतपण

जाहिरातीत ‘तात्पुरतं, प्रकल्पासोबत संपणारं’ हे लिहा, रक्कम लिहा, घरभाडे लिहा, गावात जावं लागेल हे लिहा. मुलाखतीत एक प्रात्यक्षिक ठेवा: पिपेटने २० मायक्रोलिटर दहा वेळा काढून वजन करायला सांगा, किंवा दहा ओळींची चुकीची एक्सेल शीट देऊन चुका शोधायला लावा. पंधरा मिनिटांत गुणपत्रिकेपेक्षा जास्त कळतं. ‘लग्न कधी करणार’ हा प्रश्न विचारणाऱ्या परीक्षकाला तिथल्या तिथे थांबवा.

कारण मुलगी पंचविशीतली असते आणि पद पाच वर्षांचं. बाळंतपण हा अपवाद धरून केलेलं बजेट चुकीचंच. प्रसूती रजा २६ आठवड्यांची. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पीएचडी करणारीला संपूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती-बालसंगोपन रजा मिळते, आणि कमाल मुदत सहा वर्षांची असली तरी स्त्रियांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. कंत्राट संपलं म्हणून प्रसूती लाभ थांबवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. रजेत फेलोशिप चालू राहते, म्हणजे सहा महिन्यांचे २,६६,४०० जातात आणि गावातलं काम थांबतं. थांबू द्यायचं नसेल तर बदली मुलीला तेवढेच आणखी लागतात. २,६६,४०० ची ही ओळ बजेटमध्ये घाला. स्त्री-आरोग्याच्या प्रकल्पात संशोधिकेच्या गरोदरपणाला पैसे नाहीत, ही विसंगती फार ठिकाणी दिसते.

८. यूसी, ३१ मार्च, आणि छोट्या देणगीचं खरं काम

सरकारी अनुदानाचा पुढचा हप्ता आधीच्या हप्त्याचं यूसी, म्हणजे पैसे ठरल्या कामाला वापरल्याचं प्रमाणपत्र, पोचल्यावर सुटतो. फॉर्म बहुधा केंद्राच्या वित्तीय नियमांतला जीएफआर १२-ए, सोबत खर्चाचा तक्ता. व्याज जमा झालं असेल तर ते सरकारी तिजोरीत परत भरायचं, स्वतः वापरायचं नाही. नेहमी अडतं ते असं: किटची ऑर्डर मार्चमध्ये गेली, माल एप्रिलमध्ये आला, बिल कोणत्या वर्षाचं यावर अकाउंट्स आणि विभाग यांची जुंपली, यूसी जुलैत गेलं, हप्ता नोव्हेंबरात आला. मधले महिने मुलीने काय खायचं? खरेदी डिसेंबरात संपवा आणि यूसीचा कच्चा मसुदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात तयार ठेवा.

तरी हप्ता उशिरा येतोच. आणि इथे पाच-सहा लाखांच्या देणगीचं सर्वांत चांगलं काम आहे. तीन जेआरएफ, चार महिने, प्रत्येकी ४४,४००: एकूण ५,३२,८००. म्हणजे जेवढ्या पैशात एका मुलीला एक वर्ष पोसलं असतं, तेवढ्यात तीन मुली उशिराच्या काळात तगतात, आणि सरकारी हप्ता आला की निधी पुन्हा भरतो. एक फेलोशिप दिली की पैसे संपतात, हा निधी मात्र फिरत राहतो. मंडळांनी, माजी विद्यार्थ्यांनी अध्यासनाच्या मागे न लागता आधी हा आधारनिधी करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नियम साधे ठेवा. उचल फक्त मंजूर पदाच्या फेलोशिपसाठी, किटसाठी नाही. मंजुरीच्या तारखेआधीचा महिना उचलीत धरायचा नाही, कारण तो खर्च अनुदानातून भरून घेता येत नाही. एका पदाला सलग चार महिन्यांपेक्षा जास्त नाही. परतफेड हप्ता आल्यापासून ३० दिवसांत, आणि त्याची लेखी हमी मुख्य संशोधक, विभागप्रमुख आणि अकाउंट्स या तिघांच्या सहीने उचलीच्या आधीच. वहीत पाच रकाने: पद, महिना, उचललेली रक्कम, उचलीची तारीख, परत आल्याची तारीख. पाचवा रकाना सहा महिने कोरा दिसला की त्या विभागाला नवी उचल बंद.